रविवारचा डोस

माझ्या नणंदेनं आयुष्यात कुणाचं गुपित फोडलं नाही. हे ती स्वतःच सांगायची, आणि ते खरं होतं. औषधांच्या दुकानात काउंटरमागे तिचं आयुष्य गेलं. डॉक्टरांचं कसलंही गिचमिड अक्षर ती एका नजरेत वाचायची, आणि चिठ्ठी वाचून झाली की माणूसही वाचून झालेला असायचा. कुणाला झोप लागत नाही, कुणाची दारू सुटत नाही, कुणाच्या घरी मूल नको आहे आणि कुणाच्या घरी ते होतच नाही, हे तिला त्या घरातल्या माणसांच्या आधी कळायचं. गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापायची, पाकिटात घालायची, पाकिटावर पेन्सिलीनं सकाळ-संध्याकाळच्या खुणा करायच्या, पाकीट पुढं सरकवायचं आणि मग मान वर करून बघायचं. त्या बघण्याची माणसांना धास्ती वाटे. तोंडातून मात्र चकार शब्द नाही.

"दुकानातलं दुकानात," ती म्हणायची.

तिनं लोकांना सिनेमे सुचवले. केलं ते एवढंच.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती आमच्या घरातच होती. तिनं लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी हळहळलेलं तिला चालत नसे. मी आणि माझी धाकटी जाऊ तिला वन्सं म्हणायचो. इमारतीतले लोक ताई म्हणत. पाठीमागे तिला डॉक्टरीणबाई म्हणत, कारण रविवारी दुपारी आमच्या पुढच्या खोलीत तिचा दवाखाना भरे.

खोली लांबट. एका भिंतीला टीव्ही, समोर सोफा आणि सोफ्याच्या उजव्या हाताला वन्संची वेताची खुर्ची. त्या खुर्चीवर ती नसतानाही कुणी बसत नसे. माझे यजमान सोफ्याच्या कडेला, वर्तमानपत्र मांडीवर. वरच्या मजल्यावरून धाकटी आणि तिची मुलगी चिमी. दीर लवकर गेले होते, त्या दोघीच राहत. तळमजल्यावरून विमा एजंट, हा कायम दाराजवळच्या स्टुलावर, आलोच जातोच अशा बेतानं. मी चहा करायची.

पद्धत ठरलेली होती. गेल्या रविवारी जिला किंवा ज्याला सिनेमा लिहून दिला असेल, त्यानं आधी बोलायचं. गोष्ट सांगत बसायचं नाही, मत सांगायचं. आणि मत द्यायचं तर सिनेमा शेवटपर्यंत बघितलेला पाहिजे. "अर्धा कोर्स घेऊन गुण आला नाही म्हणणारी गिऱ्हाइकं मी खूप बघितली," वन्सं म्हणायची. कुणी थाप मारतोय असं वाटलं की ती सहज विचारे, "शेवटी दाराला कुलूप कोण लावतं?" एजंट बिचारा नेहमी सापडायचा.

"बायको लावते."

"कुलूप लावतच नाहीत. दार उघडंच राहतं. झोपला होतात."

"ताई, दिवसभर फिरतो हो मी."

"फिरता कुठं, तेही माहीत आहे मला," असं म्हणून ती चहाचा घोट घेई, आणि एजंट स्टुलावर इतका गप्प होई की हसणाऱ्यांनाही हसू आवरावं लागे.

तिची मतं ऐकण्यासारखी असत, हे मी नाकारणार नाही. एका गाजलेल्या सिनेमाबद्दल सगळी इमारत डोळे पुसत होती, तेव्हा ती म्हणाली, "नटी रडते छान. पण एकदाही नाक पुसत नाही. खरं रडणाऱ्या बाईला आधी नाक सांभाळावं लागतं." दुसऱ्या एका सिनेमात मरणारा माणूस लांबलचक बोलतो. तिचं मत, "एवढा दम होता तर जगला का नाही?" आम्ही पोट धरून हसलो होतो.

मग ती पुढच्या आठवड्याचा डोस द्यायची. समोरच्याकडे जरा वेळ बघायची, काउंटरवर बघायची तसं, आणि म्हणायची, "तुमच्यासाठी एक आहे. बघाच."

ते "बघाच" ज्याच्या वाट्याला आलं तो घरी जाऊन सिनेमा लावायचा आणि अर्ध्या तासात त्याला कळायचं. एजंटला तिनं दिला तो एका माणसाचा होता. तो रोज सकाळी डबा घेऊन कामावर जातो असं सांगून बागेत पीत बसतो. एजंटच्या बायकोनं तो शेजारी बसून बघितला. मला आणि माझ्या यजमानांना तिनं दिला तो एका नवरा-बायकोचा होता. ती दोघं लग्नानंतर लगेच पाळणा विकत आणतात, आणि म्हातारी होईपर्यंत त्यात धुतलेले कपडे ठेवतात. सिनेमाच्या मध्यात हे पाणी प्यायला म्हणून उठले आणि परत आले नाहीत. मी शेवटपर्यंत बघितला, कारण रविवारी मत द्यायचं होतं. दिलं. "फोटोग्राफी चांगली आहे," मी म्हणाले.

"हो ना?" वन्सं म्हणाली. "मला वाटलंच तुला आवडेल."

तिच्या तोंडून कुणाचं काही बाहेर गेलं नाही. बोट ठेवायला जागा कुठं होती?

धाकटीला मात्र ती कधी डोस द्यायची नाही आणि मतही विचारायची नाही. धाकटी भिंतीला टेकून बसे, मांडीवर काहीतरी निवडायचं ताट घेऊन, आणि सगळ्यांची बोलणी ऐकताना हसत राही. चिमीच्या जन्मानंतर तिचं डोकं बिघडलं होतं. पुढं चिमी शाळेत असताना पुन्हा बिघडलं, आणि तेव्हा ती बराच काळ वेड्यांच्या इस्पितळात होती. परत आली ती गोळ्यांवर. गोळ्या वन्संच्याच दुकानातून यायच्या, वन्सं स्वतः पाकीट घरी आणायची. बाहेर आम्ही सांगत असू की तिला थायरॉइड आहे. गोळ्या चालू होत्या तोवर धाकटी कुणाच्या अध्यात नव्हती की मध्यात. जरा सावकाश बोलायची, एवढंच.

चिमी कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर लोकांचे दात घासून-पुसून बसवणारी पोरगी, पण स्वतः हसली की सगळे दात दाखवून हसायची. वय वाढत चाललं होतं. कुठं जमत आलं की आईची चौकशी व्हायची आणि ती स्वतःच मागं फिरायची. शेवटी तिनं एक मुलगा स्वतःच शोधला, रस्ते बांधणाऱ्या कंपनीत होता. त्याला तिनं पहिल्याच महिन्यात आईचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला चालेल. माझ्या आईला मात्र आत्ता नको सांगायला, लग्न झालं की मी सांगेन. चिमीनं हे आम्हाला येऊन सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्यावर चढून बसली होती आणि पाय हलवत होती.

"काकू, कुणी काही बोलायचं नाही. फक्त लग्नापर्यंत."

"मी आयुष्यात कुणाचं बोलले आहे का?" दारातून वन्सं म्हणाली.

लग्नाची तारीख ठरल्यावर एका रविवारी मुलाची आई आम्हाला भेटायला आली. मोठ्या ऑफिसात साहेबांची लघुलेखक म्हणून निवृत्त झालेली, नीटनेटकी, हसतमुख बाई. वागायला मोकळी. आल्या आल्या धाकटीचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "विहीणबाई, तुमची मुलगी फार गोड आहे हो," आणि धाकटी नुसती हसली.

बोलता बोलता सिनेमाचा विषय निघाला. विहीणबाई सिनेमाच्या नादी निघाल्या. वन्संचे डोळे चमकले. इतक्या वर्षांत समोर तोलामोलाचं कुणी बसलं नव्हतं. एकीनं एक नाव काढावं, दुसरीनं त्याचा शेवट सांगावा, असं बराच वेळ चाललं. मग विषय त्या गाजलेल्या रडक्या सिनेमावर आला. वन्संनं आपलं ठेवणीतलं काढलं.

"नटी रडते छान. पण एकदाही नाक पुसत नाही."

"पुसते की," विहीणबाई म्हणाल्या. "अगदी शेवटी. नावं यायला लागतात ना, तेव्हा मागं ती स्टेशनवर उभी असते. पदरानं नाक पुसते आणि मग गाडीत चढते. तोच तर सिनेमा आहे सगळा! तुम्ही नावं यायच्या आधीच बंद केलात वाटतं?"

मग एजंट स्टुलावरून इतक्या मोठ्यानं हसला की चहा सांडला. माझे यजमानही वर्तमानपत्राआड हलायला लागले. आणि चिमी, दिवसभर आनंदात असलेली चिमी, टाळी वाजवून म्हणाली, "हरलात, आत्या! अर्धा कोर्स! आता आम्हाला घरचीच डॉक्टरीण मिळाली. तुमचा दवाखाना बंद!"

वन्संही हसली. "खरंच की. चुकलंच माझं," म्हणाली.

विहीणबाई निघाल्या तेव्हा वन्संनं त्यांना दारापर्यंत सोडलं. मी कपबशा गोळा करत होते. बाई वाकून चपलेचा पट्टा लावत होत्या.

"तुमच्यासाठी एक आहे," वन्सं म्हणाली. "जुना आहे, कदाचित बघितला नसेल." तिनं नाव सांगितलं. "मुलीचं लग्न ठरतं आणि तिची आई... नको, गोष्ट सांगत नाही. बघाच. आणि आमच्या धाकटीशी बोला त्यावर. तिला तो फार जवळचा आहे."

"हो? त्या अगदीच गप्प होत्या."

"तिला कुणी विचारत नाही ना."

त्या सिनेमातली आई वेड्यांच्या इस्पितळात असते.

विहीणबाई पुन्हा आल्या त्या आडवारी, दुपारच्या, थेट वरच्या मजल्यावर. धाकटीच्या स्वयंपाकघरात तेव्हा मीही होते, आम्ही डबे पुसत होतो. बाई मुद्दाम काही काढायला आल्या होत्या असं मला आजही वाटत नाही. जवळून जात होत्या, वर आल्या. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, तुमचा आवडता सिनेमा बघितला बरं का."

"माझा?" धाकटी म्हणाली.

"तो हो, आई इस्पितळात असते तो. तुमच्या वन्संनी सांगितलं, तुमच्याशी बोला म्हणून. मला तर रडू आवरेना. तुम्हाला काय वाटलं?"

मी धाकटीकडे बघितलं. धाकटीचा चेहरा इतका खुलला होता की मी मध्ये न पडता डबा पुसत राहिले. इतक्या वर्षांत तिला कुणी मत विचारलं नव्हतं. तिनं हातातलं फडकं नीट घडी करून ठेवलं, खुर्ची ओढून बाईंच्या समोर बसली आणि वन्सं बोलायची तशी जरा मान वर करून बोलायला लागली.

"टीव्हीवर लागला होता तेव्हा बघितला मी. चांगला आहे. पण तिथलं तसं नसतं. खिडक्या एवढ्या मोठ्या नसतात, वर असतात, त्यातून झाड दिसत नाही. आणि शेवटी ती मुलगी आईचे केस विंचरते ना? ते खोटं आहे. कंगवा ठेवू देत नाहीत. केसच बारीक कापतात, उवा होतात म्हणून."

"अगं, चहा टाक," मी म्हणाले.

"टाकते. आणि त्या बायका ओरडतात दाखवलंय ना, तसं कुणी ओरडत नाही. गोळी दिली की जीभ जड होते, जाऊबाई, आठवतं ना, तुम्ही भेटायला यायच्या तेव्हा मला नावसुद्धा घेता येत नव्हतं तुमचं? बाकी सिनेमा चांगला आहे. बघावा."

विहीणबाईंनी चहा घेतला. तळाशी एक घोटही ठेवला नाही, फार सभ्य बाई. जाताना धाकटीला म्हणाल्या, "येते हं." आमच्या मुलीबद्दल एक शब्द काढला नाही.

धाकटी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खुशीत होती. चिमी घरी आल्यावर तिनं दारातच सांगितलं, "तुझ्या सासूला माझं मत पटलं."

मुलगा स्वतः आला सांगायला, एवढं त्याच्या पदरात टाकते. जिन्यात उभा राहून बोलला, वर आलाच नाही. आई ऐकत नाही म्हणाला, उद्या मुलांना झालं तर, म्हणाला. चिमी म्हणाली, "तुला माहीत होतं." तो म्हणाला, "मला माहीत असणं वेगळं." मग गाडीची किल्ली बोटावर फिरवत जिना उतरून गेला.

त्यानंतर चिमी आमच्या घरी आली. वन्सं वेताच्या खुर्चीवर होती, कात्रीनं कसलीशी कूपनं कापत होती.

"तुम्ही सांगितलंत."

"काय सांगितलं? एक अक्षर बोलले मी? विचार तुझ्या काकूला. दारातच होती."

"तो सिनेमा—"

"सिनेमा सुचवणं गुन्हा आहे? बाईला सिनेमे आवडतात, मी एक सुचवला. बोलली ती तुझी आई बोलली. तोंड तिचं." कात्री चालूच होती. "दवाखाना बंद केलास ना माझा? मग आता रडायला इथं का आलीस?"

चिमी रडत नव्हती. ती वन्संच्या हाताकडे बघत होती.

धाकटीला कुणी दोष दिला नाही, चिमीनं तर मुळीच नाही. पण ती काही मूर्ख नव्हती. हळूहळू तिनं सगळं जुळवलं. एकदा मला म्हणाली, "जाऊबाई, मी घरात नसले तर जमेल ना हिचं?" मी तिला गप्प बस म्हटलं. तिनं गोळ्या बंद केल्या. पाकिटातून रोज काढायची आणि बेसिनमध्ये सोडायची, हे आम्हाला फार उशिरा कळलं, ती रात्रंदिवस जागी राहून भिंतीशी बोलायला लागल्यावर. पुन्हा त्याच इस्पितळात न्यावं लागलं. जाताना तिनं पिशवी स्वतः भरली होती. पिशवीत कंगवा नव्हता. या वेळी ती बरी होऊन आली नाही. अजून तिथंच आहे. चिमीचंही कुठं जमलं नाही.

रविवार मात्र चालू राहिले. वरच्या मजल्यावरून कुणी येत नसे, तरी एजंट यायचा, इमारतीतल्या आणखी एकदोघी यायच्या. माझे यजमान गेले, तेव्हा काही आठवडे खंड पडला. मग वन्संनंच मला विचारलं, "या रविवारी काय बघणार आहेस?"

ती निवृत्त झाल्यानंतर दुसऱ्या हिवाळ्यात न्हाणीघरात पडली. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, हिला सगळं कळतं, ऐकू येतं, डोळे शाबूत आहेत, फक्त शब्द सापडत नाहीत. एखादा शब्द उरतो कधी कधी, तोच येत राहतो. तसा तिचाही एक उरला. पाणी हवं असलं, भांडं हवं असलं, पाठ दुखली, राग आला, तरी तोंडातून एकच निघे.

"बघाच."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. हसू येत होतं, आणि ते तिच्यासमोर यायला नको होतं.

एजंटला तेवढी लाज नव्हती. भेटायला म्हणून आला, स्टूल मुद्दाम खाटेजवळ ओढलं आणि म्हणाला, "ताई, तो बागेत पिणाऱ्या माणसाचा सिनेमा परत बघू का हो?"

"बघाच," वन्सं म्हणाली, आणि तिचा डावा हात चादरीवर आपटायला लागला.

"आणि बायकोला शेजारी बसवू?"

"बघाच."

"ताईंचं मत बदलत नाही बुवा!" असं म्हणून तो सगळ्यांकडे बघून हसला. दोघीतिघी हसल्याही. त्यानंतर तो आला नाही. त्याचं काम झालं होतं.

आणि मग एका रविवारी चिमी आली. मला म्हणाली, "काकू, तुम्ही आठवडाभर करता. रविवारी दुपारी तुम्ही पडा जरा, मी बघते आत्यांकडे."

इमारतीत तिचं कौतुक मावेना. पोटची मुलगी करणार नाही असं ती करायची. सकाळी आईला इस्पितळात भेटून यायची, आमच्याकडे येऊन हात धुवायची, मग वन्संची कवळी काढून घासायची. पडल्यानंतर तोंड एका बाजूला ओढलं गेल्यामुळे जुनी कवळी निसटत होती. चिमीनं माप घेऊन कारखान्यात नवीन करून आणली, इतकी अचूक की वन्संचा चेहरा निम्मा पूर्वीसारखा दिसायला लागला. उशी पाठीशी, चमच्यानं पाणी, ओठ टिपायचे. सगळं हळुवार. मग टीव्हीला मागून पेन ड्राइव्ह लावायची आणि म्हणायची, "नवीन आहे, आत्या. तुम्ही बघितला नसणार."

सिनेमे उत्तम आणायची. निवड अगदी वन्संची. मी आतल्या खोलीत आडवी पडून ऐकायची. वन्संचा श्वास बदलायचा, मध्येच घशातून हसल्यासारखा आवाज यायचा. आठवडाभर भिंतीकडे तोंड करून असलेली बाई रविवारी जिवंत व्हायची.

आणि शेवट जवळ आला, आता काय होणार असं झालं, की आवाज बंद व्हायचा.

पहिल्या वेळी वाटलं, वीज गेली. दुसऱ्या वेळी वाटलं, पोरीला घाई असेल. तिसऱ्या वेळी मी उठून दारात आले. पडदा काळा होता. चिमी रिमोट काचेच्या कपाटावर ठेवत होती, वन्संला दिसेल असा. वन्संचा डावा हात त्याच्या दिशेनं लांब झाला होता.

"बघाच," वन्सं म्हणाली. "बघाच. बघाच!"

"पुढच्या रविवारी, आत्या," चिमी म्हणाली आणि पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला.

पुढच्या रविवारी दुसराच सिनेमा.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "चिमे, हे बरं नाही."

ती वन्संची वाटी विसळत होती. "काय बरं नाही, काकू? कवळी टोचते का?"

"शेवट दाखव तिला."

तिनं नळ बंद केला, हात पुसले आणि माझ्याकडे वळली. "मी एक अक्षर बोलले का त्यांना?"

नाही, बोलली नव्हती. बोट ठेवायला जागा नव्हती. मी पुन्हा विषय काढला नाही. मला तो पाळणा आठवत होता.

पुढची दोन वर्षं हे असंच चाललं. वन्सं रविवारची वाट बघायची, हे सगळ्यांत वाईट. शनिवारपासून तिची बोटं चाळवायची. चिमीच्या चपलांचा आवाज आला की मान दाराकडे वळायची. या वेळी तरी दाखवेल, असं तिला दर वेळी वाटत असणार. दर वेळी तेच. मग सोमवारी ती जेवायची नाही. माझ्याकडे बघून तोंड हलवत राहायची. मला कळायचं, ती विचारतेय शेवटी काय झालं. मला माहीत नव्हतं, मीही बघितलेला नसे.

मग चिमीला दुसऱ्या शहरात दातांच्या मोठ्या दवाखान्यात नोकरी मिळाली. तिथल्याच एका इस्पितळात आईलाही हलवणार होती. शेवटच्या रविवारी ती नेहमीसारखी आली. कवळी घासली, उशी लावली. मला म्हणाली, "काकू, आज तुम्हीही बसा."

सिनेमा सुरू झाला आणि नाव यायच्या आधीच वन्संनं तो ओळखला. मीही ओळखला. मुलीचं लग्न ठरलेलं, घरात गडबड, आणि आई कुठं आहे हे कुणी सांगत नाही. वन्संनं मान भिंतीकडे फिरवली. चिमीनं उशी सरळ करावी तशी दोन्ही तळव्यांनी ती मान पुन्हा समोर आणली आणि तिच्या डोक्यामागं एक हात ठेवून उभी राहिली.

शेवट जवळ आला. मी कपाटाकडे बघितलं, रिमोट तिथं नव्हता, चिमीच्या हातात होता. तिनं बंद केलं नाही. मोठ्या खिडकीपाशी आई बसली, खिडकीतून झाड दिसलं, मुलगी आली, कंगवा काढला आणि आईचे लांब केस विंचरायला लागली. बराच वेळ विंचरत होती. मग नावं आली. तीही चिमीनं शेवटच्या ओळीपर्यंत जाऊ दिली.

"आज सकाळी आईला परत विचारलं," ती म्हणाली. "तिचं मत तेच आहे. कंगवा देत नाहीत म्हणाली. खिडकीबद्दलही तेच." ती वन्संच्या समोर येऊन खाली बसली, डोळे डोळ्यांच्या रेषेत आणून. "तुम्ही पूर्ण बघितलात, आत्या. आता तुम्ही मत द्या. हा दुसऱ्या कुणाला सुचवायचा का?"

वन्संचं तोंड हललं. ओठ मिटून धरले तिनं, अगदी पांढरे होईपर्यंत. मी तिला दुसरा शब्द शोधताना बघितलं. कपाळावरची शीर फुगली होती. जिभेनं नवी कवळी पुढं ढकलली, पण ती इतकी नीट बसलेली की हललीसुद्धा नाही.

"बघाच," ती म्हणाली.

"हं," चिमी म्हणाली. तिनं ओठाच्या कडेची लाळ रुमालानं टिपली, कवळी काढून घासली, वाटीतल्या पाण्यात ठेवली. माझ्या पाया पडली. रिमोट खाटेवर, वन्संच्या डाव्या हाताशी ठेवून गेली.

आता रविवारी मीच काहीतरी लावते. शेजारच्या मुलीनं टीव्हीवर कसं लावायचं ते शिकवलंय. वन्सं बघते. मध्येच घशातून हसते. पण गोष्ट शेवटाकडे यायला लागली की ती डोळे मिटते. झोपत नाही. पापण्या थरथरत असतात. मी सांगते, "वन्सं, चालू आहे हो, मी बंद केलेला नाही, बघा." ती आणखी घट्ट मिटते. मी आवाज मोठा केला तेव्हा डावा हात उचलून तिनं कान झाकला.

एकच कान झाकता येतो तिला. दुसऱ्यानं ती शेवट ऐकते.